संघराज्यात जन्मलेल्यांपैकी ज्येष्ठतम

आमच्या मराठी मंडळाचा ध्वजाविषयीचा नियम मी लिहिला. ईद अल इतिहादच्या दिवशी, म्हणजे इथल्या अमिरातींच्या संघराज्याच्या स्थापनादिनी, दोन डिसेंबरला, इमारतीच्या पोडियमवरील, म्हणजे पार्किंगच्या छतावरील, बागेत ध्वज उभारण्याचा मान सभासदांपैकी जो या संघराज्यात जन्मला असेल त्याला, आणि असे एकाहून अधिक असल्यास त्यांतील ज्येष्ठतमाला मिळेल. वाक्य रूक्ष आहे, पण ते रूक्षच असावे असा हेतू होता. त्याआधी हा मान देणगीवरून ठरत असे आणि दरवर्षी किमान दोन कुटुंबे लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहत. जन्म कधी आणि कुठे झाला ही वस्तुस्थिती असते, तिच्याबद्दल वाद संभवत नाही, असे मी सभेत सांगितले आणि ते सर्वांना पटले. मलाही पटले होते.

माझा व्यवसाय मोजमापाचा आहे. जबल अलीतील एका प्रयोगशाळेत मी दाबमापकांचे आणि वजनकाट्यांचे कॅलिब्रेशन करतो. यंत्र जो आकडा दाखवते त्यावर कितपत विश्वास ठेवावा, हे सांगण्यासाठी मला पगार मिळतो. त्यामुळे ध्वजारोहणानंतरच्या प्रश्नमंजूषेचे कामही मंडळाने माझ्यावरच सोपवले. विषय दरवर्षी एकच: या देशाच्या संघराज्याचा इतिहास आणि त्याच्या संस्था.

हा विषय आपल्या लोकांना सोपा वाटतो, कारण ते तो न वाचताच सोडवतात. भारतात राज्ये आणि केंद्र पाहिलेला माणूस इथेही तेच चित्र चिकटवतो. प्रत्यक्षात इथल्या संघीय राष्ट्रीय परिषदेत चाळीस सदस्य असतात आणि त्यांची वाटणी लोकसंख्येच्या हिशेबाने होत नाही: अबुधाबी आणि दुबईला आठ-आठ, शारजा आणि रास अल खैमाला सहा-सहा, उरलेल्या तीन अमिरातींना चार-चार. संविधान सुमारे पंचवीस वर्षे 'तात्पुरते' होते. १९९६ साली त्यातील तो शब्द काढण्यात आला. त्या संविधानाने अबुधाबी आणि दुबई यांच्या सीमेवर एक नवी राजधानी बांधायची ठरवली होती, ती कधीच बांधली गेली नाही. कोणत्या अमिरातींची न्यायालये संघीय आणि कोणत्यांची स्वतंत्र, हा प्रश्न मी गाळतो, कारण त्याचे उत्तर पक्के करावे तोवर बदललेले असते.

यंदा मी एक सोपा प्रश्न घेतला होता. दोन डिसेंबर १९७१ रोजी संघराज्य स्थापन झाले तेव्हा त्यात किती अमिराती होत्या? बहुतेक जण सात म्हणतील. उत्तर सहा आहे. सातवी, रास अल खैमा, दहा फेब्रुवारी १९७२ रोजी सामील झाली.

उत्तर दोन स्वतंत्र ठिकाणी ताडून पाहिले, आणि तेव्हाच मला रफिक सारंग आठवले.

रफिकभाई मूळचे हर्णैचे. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी रुवैसच्या रिफायनरी-वसाहतीत काढली. यंदा कंपनीने त्यांना शेवटच्या काही महिन्यांसाठी शारजाजवळच्या कामावर आणले आणि ते आईसह आमच्याच मजल्यावर, शारजातल्या अल नहदात राहायला आले. जानेवारीत निवृत्ती, मग व्हिसा रद्द, मग दोघेही कायमचे हर्णैला. मंडळाच्या नोंदीत त्यांचा जन्म होता एक जानेवारी १९७२, रास अल खैमा. त्यामुळे आमच्यात तेच ज्येष्ठतम ठरले होते. त्याआधीची दोन वर्षे हा मान शहनाझ मुकादम यांच्याकडे होता. त्यांचा जन्म दुबईतला, एप्रिल १९७२. त्या गणिताच्या शिकवण्या घेतात आणि त्यांची जीभ त्यांच्या गणिताइतकीच अचूक आहे. "रुवैसहून आले काय, आणि तीन महिन्यांनी मोठे निघाले काय," एवढेच त्या म्हणाल्या होत्या. पण ते बागेत, सर्वांसमोर.

आता एक जानेवारी ही तारीख दहा फेब्रुवारीच्या आधी येते. त्या दिवशी रास अल खैमा या संघराज्यात नव्हते.

"म्हणजे ते इथे जन्मलेच नाहीत?" माझी पत्नी मुग्धा म्हणाली.

"इथे जन्मले. या देशात नाही."

"एकच ना ते?"

"तेव्हा नव्हतं."

"मग कुठल्या देशात जन्मले?"

यावर मी काही वेळ बोललो. ब्रिटिशांचे करार डिसेंबरच्या सुरुवातीला संपले होते. संघात प्रवेश फेब्रुवारीत झाला. मधल्या काळात ती अमिरात स्वतःचीच होती. तिला देश म्हणायचे की नाही, हे तेव्हा तिला देश मानणारे किती होते यावर अवलंबून आहे, आणि ते फारसे नव्हते.

"शैलेंद्र, मी एक शब्द विचारला होता," मुग्धा म्हणाली. "प्रश्न काढून टाक आणि गप्प बस."

"प्रश्न काढल्याने तारीख बदलत नाही."

"तारीख बघायला कोण जातंय?"

"नियम माझा आहे."

"तेच तर म्हणते. खड्डा तूच खणलास."

आतल्या खोलीतून आमचा मुलगा वेदांग ओरडला, "बाबा, जस्ट पुट सेव्हन! एव्हरीबडी सेज सेव्हन!"

प्रश्न मी काढून टाकला. गप्प मात्र बसवेना. नंतर कुणी भर बागेत हिशेब मांडून दाखवला, तर रफिकभाईंना आईसमोर दोरी सोडावी लागली असती. त्यापेक्षा त्यांना आधी एकांतात सांगणे बरे, असे ठरवून शुक्रवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेलो.

दार त्यांनीच उघडले. बैठकीत अर्धवट भरलेली खोकी होती आणि सोफ्यावर हाफिजाखाला, त्यांच्या आई, पाय वर घेऊन बसल्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे असावे. नेमके किती, ते मी आता विचारणार नाही.

"या शैलेंद्रभाई! अम्मी, हेच ते, ज्यांनी कायदा केला नं, झेंड्याचा."

"बसा," खाला म्हणाल्या. "ह्याने नवा कुडता शिवून घेतलाय. दीडशे दिरहम. साडेतीन हजार रुपये झाले! हर्णैत ह्या पैशात तीन शिवतील."

"अम्मी, राहू दे नं." मग माझ्याकडे वळून ते हलक्या आवाजात म्हणाले, "भाई, खरं सांगू? हा कुडता मी माझ्यासाठी नाही शिवला. अब्बा गेले ते हेच म्हणत गेले, पोरगा हितं जन्मला आणि हितंच दर दोन वर्षांनी राहायची परवानगी मागतो. तक्रार नाही माझी. इथलं खाल्लंय. पण जायच्या आधी एकदा अम्मीसमोर कुणीतरी माइकवर म्हणावं, हा इथला. बस. मग खुशाल निघतो."

मी आणलेले वाक्य त्यानंतर उच्चारणे कठीण होते. तरी उच्चारले. ते ऐकून रफिकभाई चष्मा काढून पुसू लागले.

"सहा?"

"सहा."

"मग मी जन्मलो तेव्हा रास अल खैमा कुणाचं होतं?"

"स्वतःचं."

"स्वतःचं म्हणजे? पाकीट हरवलं तर तक्रार कुठे करायची?"

"रास अल खैमात."

"ती तर आताही तिथेच करतात!" ते हताशपणे म्हणाले. "भाई, मला फरक दाखवा."

मला फरक ठाऊक होता. दाखवण्याजोगा एकही नव्हता.

खाला आमच्याकडे बघत होत्या. "काय म्हणतो हा?"

"म्हणतात, मी महिनाभर लवकर जन्मलो."

"लवकर?" खाला तिरसट झाल्या. "उलट उशीर केलास! दाईने दिलेली तारीख टळून गेली होती. जानेवारीची एक तारीख तर तुझ्या बापाने लिहिली. गावी न्यायची वेळ आली, नोंद करायला गेले, तारीख विचारली. म्हणाले, एक जानेवारी लिहा, लक्षात राहील. खरी तारीख कुणाला ठाऊक?"

हे ऐकून मला बरे वाटले आणि पुढच्याच क्षणी वाटेनासे झाले. कागदावरची तारीख नेमकी होती, पण खोटी. खरी तारीख होती, पण नेमकी नव्हती. आमच्या व्यवसायात यापैकी पहिली गोष्ट अधिक धोकादायक मानतात.

"खाला, काही आठवतं? त्या दिवसांतलं?"

"आठवत कसं नाही? आठवतंय सगळं. ह्याचे अब्बा खजुरीच्या बागांचे पंप दुरुस्त करायचे. मातीचं घर. बकरी ईद होऊन गेली होती, कुर्बानीचं मटण संपलं होतं. मोहरमचा चांद दिसायचा होता. त्या मधल्या दिवसांत झाला हा."

मी मोबाइलवर हिजरी दिनदर्शिका उघडली. १३९१ सालची बकरी ईद जानेवारी १९७२ च्या अखेरीस आली होती. १३९२ चा मोहरम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू झाला. चंद्रदर्शनाचा एखाद्या दिवसाचा फरक दोन्हीकडे धरायचा. दहा फेब्रुवारी या पट्ट्याच्या आत, उत्तरार्धात कुठेतरी बसत होता.

"म्हणजे?" रफिकभाईंनी विचारले.

"म्हणजे तुम्ही संघराज्यात जन्मलेले असू शकता. नसूही शकता."

"हे तर तुम्ही आला नव्हता तेव्हाही खरं होतं!"

मी आणखी काही खूण मिळते का ते पाहू लागलो. पाऊस? पडला होता बहुतेक. पंपाचे काम? रोजच असे. अखेर खाला म्हणाल्या, "बंदुका वाजल्या होत्या."

"कसल्या बंदुका?"

"हवेत उडवतात त्या. खुशीच्या. लग्न असेल कुणाचं, नाहीतर शेखांकडे काही असेल. गल्लीतली बायकामाणसं म्हणत होती, आता आपण पण त्यांच्यात. कुणाच्यात ते मी विचारलं नाही."

रफिकभाई सोफ्याच्या कडेला सरकले. हीच खूण निर्णायक ठरू शकत होती. ती बातमी संघप्रवेशाचीच असेल असे नाही, पण असू शकत होती.

"अम्मी, नीट आठव. बंदुका वाजल्या तेव्हा मी कुठे होतो? पोटात की बाहेर?"

खालांनी डोळे मिटले. "मांडीवर. दचकलास. दूध पीत होतास."

मुलाचा चेहरा पडला. मांडीवर म्हणजे जन्म संघप्रवेशाच्या आधीचा.

त्याचा चेहरा पाहून आई घाईने म्हणाली, "नाही नाही, पोटात. पोटात दचकलास."

"अम्मी, मला काय हवंय ते बघून सांगू नको नं!"

"मग काय बघून सांगू? पन्नास वर्षं झाली!"

चहा झाला. तो पीत असताना माझ्या लक्षात आले की मी माहिती गोळा करायला आलो होतो आणि आलो तेव्हापेक्षा कमी माहितीनिशी परतत होतो.

दोन डिसेंबरच्या सकाळी पोडियमवर मंडळी जमली. सतरंज्या, समोसे, ध्वनिक्षेपकाची खरखर. रस्त्यापलीकडच्या दुबईतल्या इमारतींवरही ध्वजाचे तेच चार रंग लावलेले. खाला पहिल्या रांगेत खुर्चीत होत्या. रफिकभाई दीडशे दिरहमांच्या कुडत्यात ध्वजस्तंभापासून जरा दूरच उभे होते, अजून कुणी हाक मारली नसल्यासारखे. त्यांनी मला आदल्या दिवशीच बजावले होते: "शहनाझबाईंना सांगितल्याशिवाय मी दोरीला हात लावणार नाही. हक्क त्यांचा असला तर चोरी होईल."

आमच्याकडे ही स्थिती नित्याची आहे. दाबमापकाची मर्यादा दहा, यंत्र दाखवते दहाच्या आसपास, आणि शंकेचा पट्टा मर्यादेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला. अशा वेळी पास किंवा नापास असा शिक्का मारणे अप्रामाणिक असते. मग चूक झालीच तर नुकसान कुणाचे होणार हे शोधायचे आणि त्याची संमती घ्यायची. इथे नुकसान फक्त शहनाझबाईंचे होणार होते. मी त्यांना बाजूला, कुंड्यांपाशी बोलावले. रफिकभाईही आले. मी सर्व काही सांगितले: सहा अमिराती, दहा फेब्रुवारी, बापाने लिहिलेली तारीख, बकरी ईद, मोहरम, बंदुका.

शहनाझबाई म्हणाल्या, "माझ्या बाजूने किती टक्के?"

"टक्क्यांत सांगता येणार नाही."

"तुम्ही मोजमापवाले ना?"

"म्हणूनच."

"वा! चाळीस जणांना बोलावलं, समोसे आणले, आणि माप म्हणतं ठाऊक नाही." त्या रफिकभाईंकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुम्हाला काय वाटतं, कुठे जन्मलात?"

"परवापर्यंत ठाऊक होतं," रफिकभाई म्हणाले.

शहनाझबाई तडक खुर्चीपाशी गेल्या. आम्ही मागोमाग. "खाला, सलाम आलेकुम. एकच विचारते, आणि मुलाकडे बघायचं नाही, माझ्याकडे बघायचं. बंदुका वाजल्या तेव्हा हा पोटात होता की मांडीवर?"

हाफिजाखालांनी सांगितल्याप्रमाणे शहनाझबाईंकडेच पाहिले. परीक्षेत बसल्यासारख्या त्या ताठ झाल्या.

"पोटात," त्या म्हणाल्या. रफिकभाईंनी श्वास सोडला. "आणि मांडीवर पण."

"दोन्ही कसं होईल?"

"दोनदा वाजल्या नं."

"दोनदा?"

"एकदा हा पोटात होता तेव्हा. मग एकदा मांडीवर. हे तर सारखं विचारतात, पोटात की मांडीवर, पोटात की मांडीवर. किती वेळा वाजल्या, हे कुणी विचारलंच नाही."

त्यांपैकी कोणते लग्न आणि कोणते संघराज्य, हे सांगू शकणारा त्या बागेत कुणीही नव्हता. दोन्ही लग्ने असू शकत होती. माझ्याकडे आता एकही उपयुक्त निरीक्षण उरले नव्हते, आणि मी ते तसेच सांगितले.

शहनाझबाई हसू लागल्या. सुरुवातीला तोंडावर ओढणी घेऊन, मग तीही न घेता. "खलास! मिटलं!" त्या म्हणाल्या. "ऐका. हे जानेवारीत जाणार. मग पुढच्या वर्षी मी, त्याच्या पुढच्या वर्षी मी, माझा व्हिसा आहे तोवर मीच. एका वर्षासाठी मी ह्या म्हातारीच्या पोटाची चौकशी करू? यल्ला रफिकभाई, ओढा."

"पण हक्क तुमचा असेल तर?"

"असेल तर तो मी दिला. नसेल तर तो तुमचाच होता. हे गणित तरी सुटतं ना, शैलेंद्र सर?"

सुटत होते. मला त्यात चूक सापडली नाही. नियमात मान दुसऱ्याला देण्याची तरतूद नव्हती, हे मनात आले. ते मी मनातच ठेवले.

एक अडचण उरली होती. ध्वनिक्षेपकावर काय बोलायचे? 'या संघराज्यात जन्मलेले आपले ज्येष्ठतम सभासद' हे मी तयार केलेले वाक्य आता वापरता येत नव्हते. रफिकभाई दोरी हातात घेऊन माझ्याकडे पाहत होते. त्यांना माइकवरून काय ऐकायचे होते, हे मला ठाऊक होते. ते म्हणायला मला पुरावा लागला असता, आणि न म्हणायला मात्र काहीच लागत नव्हते. ही विषमता मला प्रथमच खटकली.

मी म्हणालो, "ध्वज उभारत आहेत श्री. रफिक सारंग. जन्म रास अल खैमा, १९७२." इथवरचा प्रत्येक शब्द मी पारखलेला होता. थांबायला हवे होते. "हे इथले आहेत," असे मी त्यापुढे म्हणालो, आणि या वाक्याला पुरावा कुठून आणणार ते मला अजूनही कळलेले नाही.

टाळ्या वाजल्या. रफिकभाईंनी खालमानेने दोरी ओढली. ध्वज मधे एकदा अडकला. शहनाझबाईंनी "हळू, हळू" म्हटले आणि तो सुटून वर गेला. लोक उभे राहिले होते. हाफिजाखाला एका हाताने खुर्ची धरून उभ्या होत्या आणि वर पाहत होत्या.

"दिसला ना, अम्मी?"

"दिसला. छान आहे," खाला म्हणाल्या. मग थोडा विचार करून, "पण तुझ्या वेळेला हा नव्हता. लाल होता, कडेने पांढरा."

मी पुढे झालो. लाल आणि पांढरा हा रास अल खैमाचा स्वतःचा झेंडा. पण अमिरात संघात गेल्यावरही तो राहिला, तिथे आजही फडकतो. तेव्हा त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण तो एकटाच होता की शेजारी दुसराही एक होता, एवढे जर त्यांना आठवले असते...

"खाला, 'तुझ्या वेळेला' म्हणजे नेमकं केव्हा? बाळंतपणाच्या आधी की—"

"शैलेंद्रभाई," रफिकभाई दोरीची गाठ बांधत म्हणाले, "झेंडा वर गेलाय. आता नका मोजू."